आधी काढा, मग जाळ

खाडीकाठच्या एका गावात त्रिविक्रम नावाचे वैद्य होते. अंगातल्या दुष्ट गाठी जाळणारं औषध त्या मुलखात फक्त त्यांच्याकडे मिळे. औषध जालीम, आणि वैद्यबुवा त्याहून जालीम! गाठ आटायची, पण रोग्याचं तोंड फोडांनी भरून यायचं, घास उतरायचा नाही. कोणी कण्हलं की वैद्यबुवा म्हणायचे, "सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्याला माझा इलाज नाही." मग कित्येक जण औषध अर्ध्यावर सोडून घरी जायचे आणि गाठ पुन्हा वाढायची.

भिवा नावाड्याच्या गळ्याला अशीच गाठ आली. औषध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत त्याला पाणीही गिळवेना. तो हात जोडून म्हणाला, "वैद्यबुवा, आता पुरे. मेलो तर गाठीनं मरेन, तुमच्या औषधानं नको."

भिवाची बायको रडत पलीकडच्या काठावर वेणूबाईंकडे गेली. वेणूबाईही वैद्य होत्या. धडधाकट अंगाला जाळापासून जपणारा एक काढा त्या करत. काढा घेऊन त्या आल्या, तर त्रिविक्रम दारातच आडवे आले.

"तुमचा काढा चांगल्या अंगाला जपेल, तसा गाठीलाही जपेल. माझ्या औषधाची धार बोथट करू नका."

शंका खरी होती, पण बोलण्यात गर्वच जास्त होता.

वेणूबाई शांतपणे म्हणाल्या, "फणस फोडताना आपण हाताला तेल लावतो, फणसाला नाही. तसं इथं जमतं का, ते बघू. गाठ आटायची थांबली, तर माझा काढा खाडीत ओता."

पहिल्या खेपेला वैद्यबुवांचंच खरं ठरलं. काढा आणि औषध एकदमच दिलं होतं. भिवाचं तोंड बरं झालं, पण गाठही होती तेवढीच राहिली. वेणूबाईंनी काढ्याचं भांडं उचललं आणि मुकाट्यानं खाडीची वाट धरली.

'बघा, मी सांगत नव्हतो?' असं म्हणायला वैद्यबुवांची जीभ वळवळली. अशी संधी कोण सोडतो! पण समोर भिवा पेज पीत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या पोटात अन्न जात होतं आणि त्याची बायको डोळे पुसत त्याच्याकडे बघत होती. वैद्यबुवांचा गर्व तिथंच विरघळला.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "काढा ओतू नका. तो आधी देऊ. चांगलं अंग तो लवकर पिईल. गाठीत मुरायच्या आत मी माझं औषध देतो."

तसं केलं आणि गाठ आटू लागली. भिवाचे केस गेले, अंगात थकवा राहिला. सगळाच त्रास काही टळला नाही. पण घास उतरत होता, म्हणून त्यानं औषध शेवटपर्यंत घेतलं. गाठ गेली.

भिवा पुन्हा नावेवर आला, त्या दिवशी त्रिविक्रम काठावर हजर होते.

"कुठं सोडू, वैद्यबुवा?"

"जे औषध अर्ध्यावर टाकून गेले, त्यांच्या दारी. त्यांना धीर नव्हता असं मी म्हणत आलो. चूक माझी होती."

वेणूबाई काढ्याचं भांडं घेऊन आधीच नावेत बसल्या होत्या.

तात्पर्य: रोगाला मारणं ही अर्धी विद्या; रोग्याला जपल्याशिवाय ती पुरी होत नाही.