मंगळावर फुंकलेला शंख

एक होता राजा. नाव उदयभान. सगळं होतं त्याच्याकडे, फक्त बूड स्थिर नव्हतं. तुझ्यासारखंच, मुकुंदा. पाय आत घे आधी.

तर हा राजा रोज संध्याकाळी गच्चीवर जायचा आणि तांबड्या मंगळाकडे बघत बसायचा. "मला तिथं जायचंय," म्हणायचा. ताट वाढलं तरी तेच, अंघोळीचं पाणी काढलं तरी तेच. राजवाड्याचं कोठीघर सांभाळायची म्हाळसाबाई. धान्य, तेल, पाणी, सगळं तिच्या हातात. तिचे कान किटले अगदी.

मग काय झालं, डोंगरावर एक गरुड राहायचा. हत्तीएवढा, बरं का. तो म्हणाला, "मी नेतो. सहा महिने जायला, सहा महिने यायला."

झालं. राजा निघाला. बरोबर काय घेतलं? सिंहासन, छत्री आणि तीन भाट. गरुड झाडाच्या शेंड्यापर्यंत गेला आणि धापा टाकत खाली बसला.

मग सगळं खाली ठेवून राजा एकटाच गरुडावर बसून निघाला. ढग ओलांडले, तर वर हवाच नाही. राजा काळानिळा पडला. गरुडानं त्याला अर्धमेला परत आणला. म्हाळसाबाईनं आठ दिवस त्याला पेज पाजली. नवव्या दिवशी राजा म्हणतो, "मंगळ..."

म्हाळसाबाईनं कपाळावर हात मारला. "तुम्ही काही ऐकायचे नाही महाराज. मीच येते बरोबर. निदान जिवंत तरी परत याल."

मग तिनं चाळीस पखाली शिवून घेतल्या. पखाल म्हणजे पाण्याची चामड्याची पिशवी. पण तिनं लोहाराच्या भात्यानं त्यात हवा भरली. वीस जायला, वीस यायला. सातू घेतले, पाणी घेतलं. राजानं हळूच आपला शंख घेतला. आणि निघाले.

सहा महिने राजा विचारत होता, "आलं का?" सहा महिने म्हाळसाबाई म्हणत होती, "नाही."

एकदाचा मंगळ आला. सगळीकडे तांबडी माती. झाड नाही, ओढा नाही, माणूस नाही. म्हाळसाबाई पाणी शोधायला टेकडीमागं गेली. जाताना बजावून गेली, "कशाला हात लावू नका."

आणि राजाला आली शंख फुंकायची हौस. मी आलोय, हे कळायला नको? छातीतला दम पुरेना, म्हणून त्यानं पखालीचं तोंड शंखाला लावलं. आवाज येईना. दुसरी लावली, तिसरी लावली. तिथं आवाज न्यायला पुरेशी हवा कुठली? पण राजा लावतोच आहे.

म्हाळसाबाई परत आली तर दहा पखाली चपट्या.

तिनं उरलेल्या पखाली मोजल्या. दहाच उरल्या होत्या. गरुड म्हणाला, "आता एकालाच पुरेल."

राजानं शंख खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला. "म्हाळसाबाई, तुम्ही जा. चूक माझी आहे. मी इथंच राहतो."

त्याच्याकडे बघून तिला राग आला आणि रडूही आलं. "गप्प बसा," ती म्हणाली. "रिकामी परत गेले तर राणीसाहेबांना काय सांगू?"

मग तिनं विचार केला. जागा माणूस बोलतो, वळवळतो, उसासे टाकतो. झोपलेल्याला हवा कमी लागते, अन्नही कमी लागतं. तिनं राजाला गरुडाच्या पिसांत आडवा केला, घोंगडी घातली. गरुड उडाला आणि ती थोपटायला लागली. राजा म्हणाला, "झोप येत नाही." ती म्हणाली, "येईल." राजा म्हणाला, "पाणी पाहिजे." ती म्हणाली, "मिळणार नाही." पहिल्या दिवशी थोपटलं, दुसऱ्या दिवशी थोपटलं, तिसऱ्या दिवशी राजा घोरायला लागला. मग तिचेही डोळे मिटले.

गरुड एकटाच जागा राहून उडत राहिला. सहा महिन्यांनी दोघं उठले ते राजवाड्याच्या अंगणातच. शेवटच्या पखालीत घोटभर हवा उरली होती.

राणी धावत आली. राजानं डोळे चोळले आणि विचारलं, "पुन्हा कधी?"

"तिथं पाणी कसं काढायचं आणि हवा कशी करायची, हे शिकू तेव्हा," म्हाळसाबाई म्हणाली. "तोवर मला विचारू नका."

राजानं ऐकलं, बरं का. तो शिकायला बसला, लोकांनाही शिकवलं. पुष्कळ वर्षं लागली. शेवटी म्हाळसाबाईची नात मंगळावर गेली, महिनाभर राहिली आणि हसत परत आली. सगळे सुखात राहिले.

आता तुम्हीही झोपा. नाही, पाणी मिळणार नाही.