हिरव्या लुगड्यातली मंजुळा

नदीच्या बेटावर एक लहानसं गाव होतं. त्या गावातल्या मंजुळेला त्या सकाळी पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. ती होडीत चढली आणि नावाडी म्हणाला, "बस गं, सगुणा."

ती सगुणा नव्हती. सगुणा तिची मैत्रीण, आणि ती तिच्या मागेच उभी होती.

झालं होतं असं. गौरी तोंडावर आल्या होत्या आणि नवं लुगडं घ्यावं अशी त्या वर्षी कोणाचीच ऐपत नव्हती. गावातल्या बायकांकडे बाहेर नेसायचं लुगडं एकच असायचं, तेच वर्षभर. नेसून नेसून त्या रंगाचाही वीट यायचा. तेव्हा त्यांच्यातल्या कौसाने युक्ती काढली. "तुझं जुनं ते मला नवं, माझं जुनं ते तुला नवं. दिवाळीपर्यंत बदलून वापरू." मग कौसाची खणाची चोळी मंजुळेकडे आली, मंजुळेच्या बांगड्या कौसाच्या हातात गेल्या. मंजुळेचं लाल लुगडं सगुणा नेसली आणि सगुणाचं हिरवं मंजुळा नेसली. चोळी काखेत काचत होती, पण मंजुळेला आपण नव्याने घडल्यासारखं वाटत होतं.

नावाड्याला सगळे भिवातात्या म्हणायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चेहरे त्यांना धुरकट दिसायचे, रंग मात्र दिसायचे. लाल म्हणजे मंजुळा, हिरवी म्हणजे सगुणा, निळी म्हणजे कौसा. रोज संध्याकाळी पलीकडच्या शेतांतून बायका परतल्या की ते रंग मोजायचे आणि मगच होडी बांधायचे. आजवर त्यांनी कोणालाही मागे ठेवलं नव्हतं. एकट्या सगुणाचं माहेर पलीकडे होतं. तिला तिकडेच राहायचं असलं की ती काठावर येऊन हिरवा पदर हलवायची. तात्या हात वर करायचे. समजलं, राहा, एवढाच त्याचा अर्थ.

"आणि ही लाल, मंजुळा ना?" तात्यांनी विचारलं. "आज गप्पशी?"

"मी रोजच गप्प असते की, तात्या," सगुणा मंजुळेसारखा बारीक आवाज काढून म्हणाली. होडीतल्या बायका खुदखुदल्या.

कौसाने मंजुळेला कोपराने ढोसलं. "अगं, सांग त्यांना."

मंजुळेच्या ओठांवर शब्द आलेही होते. पण ती साधं झाकण पडल्याच्या आवाजानेही दचकणारी. आता बोललं की सगळी होडी आपल्याकडे बघणार. म्हाताऱ्या माणसाला त्यांची चूक दाखवायची तरी कशी? "उतरताना सांगते," ती पुटपुटली. उतरताना तात्या दोरी ओढत होते. मग ते राहूनच गेलं.

दिवसभर भुईमुगाची खुरपणी चालली. दुपार कलली तसं डोंगराकडचं आभाळ काळवंडलं आणि नदीचं पाणी गढूळ होऊन आलं. तात्यांनी हाका घातल्या, "चला गं, दोन खेपांत सगळ्यांना नेतो. आज पाण्याचा भरवसा नाही."

सगुणाचं लेकरू घरी तापाने फणफणलं होतं, म्हणून ती पहिल्या खेपेला निघाली. कौसाही तिच्याबरोबर बसली. "तू दुसऱ्या खेपेला ये," जाता जाता कौसा म्हणाली. मंजुळेने मान हलवली.

पण तिच्या लुगड्याच्या काठाला चिखल लागला होता. दुसरीचं लुगडं, डाग राहिला तर काय तोंड दाखवायचं? ती लव्हाळ्यांच्या आड एका दगडावर बसली आणि काठ चोळचोळून धुऊ लागली. पाण्याचा आवाज वाढत होता, त्यात तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. काठ स्वच्छ करून ती बाहेर आली तेव्हा होडी निम्मी नदी ओलांडून गेली होती. ती पहिल्याच खेपेला गेली असं बाकीच्या बायकांना वाटलं असणार.

मंजुळा पाण्याच्या कडेपर्यंत धावली. मग तिने स्वतःला समजावलं. तात्या मोजतील. एक रंग कमी भरेल, मग ते परत येतील.

पलीकडे बेटावर बायका उतरल्या आणि डोक्यावर पोती घेऊन घराकडे पळाल्या. तात्या काठावर उभे राहिले. त्यांनी वळून इकडे पाहिलं. मंजुळेच्या जिवात जीव आला. तिने पदर सोडवला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि जोरजोराने हलवला.

तात्यांनी हात वर केला.

मग ते खाली वाकले आणि होडी खुंट्याला बांधू लागले.

मंजुळेचा पदर हातातच राहिला. लाल लुगडं पहिल्या खेपेला उतरलं होतं, म्हणजे मंजुळा घरी पोचली. हिरवी शेतांकडे राहिली, म्हणजे सगुणा माहेरी चालली. तिने तर पदर हलवून सांगितलंसुद्धा. तात्यांचा हिशेब चोख होता. आता तिच्यासाठी कोणीच येणार नव्हतं.

तिने मागे पाहिलं. सगुणाचं माहेर कोसभर लांब, आणि मधला ओढा एव्हाना फुगला असणार. ती उभी होती ती जागा सखल. नदी चढली की शेताच्या बांधापर्यंत पाणी जातं हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. ज्या दगडावर बसून तिने काठ धुतला, तो दगड तिला दिसेना. पाणी त्याच्यावरून वाहत होतं. लव्हाळ्यांत काहीतरी सळसळलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. तिथेही पायाखाली ओल लागली.

"तात्या," तिने हाक मारली. आवाज तिच्याच कानापर्यंत जेमतेम आला.

"तात्या, मी इथं आहे." पलीकडे तात्यांनी वल्ही खांद्यावर घेतली.

घोट्याशी पाणी आलं. थंडगार पाणी. मंजुळेचे दात वाजू लागले. सकाळी जो एक शब्द तिने गिळला होता, तो अजून तिथेच होता, गळ्यात अडकल्यासारखा. सकाळी दहाजणी ऐकतील म्हणून ती भ्यायली होती. आता एकाने तरी ऐकावं म्हणून तिचा जीव तडफडत होता.

तिने डोळे मिटले, काचणाऱ्या चोळीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला आणि ओरडली, "मी सगुणा नाही. मी मंजुळा आहे, तात्या, मंजुळा."

नदी घोंघावत राहिली. तात्या चार पावलं चढून गेले.

"मंजुळा आहे मी. हिरव्यात मंजुळा आहे." चोळीची शिवण टरकन उसवली. तिला त्याची लाज वाटली नाही. ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा, घशातून नुसती खरखर येईपर्यंत.

पलीकडची धुरकट आकृती थांबली. वळली. वल्ही खांद्यावरून खाली आली.

"मंजुळा?" पाण्यावरून आवाज आला, म्हातारा, गोंधळलेला. "मग मघाशी उतरली ती कोण गं? थांब, मंजुळे, तिथल्या बांधावर चढ. होडी सोडली मी."

तात्पर्य: आपल्याबद्दलचा लहानसा गैरसमजही दिसताक्षणी, संकोच न करता दूर करावा; नाहीतर वेळेवर न बोललेला एक शब्द पुढे जिवाच्या आकांताने ओरडून सांगावा लागतो.