बेहड्यासमोरची फांदी

सन १९९१. होळी नुकतीच झाली होती, फाल्गुन संपत आला होता. रत्नागिरीकडच्या एका गावात एक फोटोग्राफर राहायला आला. त्याचे नाव हेरंब टिपणीस. शहरातल्या एका कलासंस्थेने त्याला पावसाळ्यापर्यंत तिथे धाडले होते. गावच्या जुन्या देवराईत राहायचे आणि फोटो काढायचे, एवढेच काम. गावकऱ्यांना गंमत वाटली. झाडांच्या फोटोंना एवढे दिवस कशाला, झाडे काय पळून जातात, असे ते त्याला विचारत.

त्या राईत कुऱ्हाड कधी चालली नव्हती. पडलेले लाकूडसुद्धा कोणी चुलीला नेत नसे. आत राहायचे तर चपला बाहेर काढायच्या, देवापुढे नारळ ठेवायचा, आणि गुरवाने त्याच्यासाठी गाऱ्हाणे घालायचे, अशी रीत होती. धाकू गुरवाने हात जोडले. "महाराजा, हे लेकरू तुझ्या राईत राहायला आलंय. जे बघेल ते तसंच ठेवील. काही नेलं तर फेडून जाईल."

यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. टिपणीसला हसू आले.

"हसत म्हटलंत तरी देव शब्द धरतो," धाकू म्हणाला.

"मी फोटोंशिवाय काय नेणार, काका? व्हय म्हाराजा."

राईत एक प्रचंड बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी आत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे गळतात, तिला उडता येत नाही. नर उंबराची फळे आणून फटीतून भरवतो, त्यावर ती आणि पिल्लू जगतात. टिपणीसला हे सगळे ठाऊक होते. तो बरेच दिवस समोरच्या झुडपात बसून बघत होता. नर आधी ढोलीसमोरच्या एका फांदीवर उतरायचा, चहूकडे बघायचा, मग ढोलीकडे जायचा.

पण त्याच फांदीची पाने फोटोत येत. टिपणीसने ती दोरीने बाजूला ओढून बांधली. दोरी सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. चैत्रातल्या एका सकाळी त्याने करवतीने फांदी कापली. पावसाळ्यात फुटेल, असे स्वतःला सांगितले.

ढोलीवर सुरेख ऊन पडले. फटीतून मादीची चोच बाहेर आली. त्याने फोटो घेतला.

नर आला. त्याला बसायला फांदी नव्हती, आणि झुडपातला माणूस आता उघडा पडला होता. नर वरूनच घिरट्या घालून गेला. तेव्हाच टिपणीसने उठून जायला हवे होते. त्याला ते कळलेही. पण चोच पुन्हा बाहेर आली होती आणि ऊन चांगले होते. तो दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्याही. मग नर यायचाच थांबला.

आता टिपणीस घाबरला. त्याने कापलेली फांदी परत नेऊन बांधली आणि राईबाहेर जाऊन राहिला. उशीर झाला होता. मादीने लिंपण फोडले आणि ती खाली पडली. अर्धवट पिसांची, हाडे वर आलेली. सरपटत जाळीत गेली, परत कोणाला दिसली नाही. पिल्लू ढोलीत मेले होते.

टिपणीसने धाकूला सगळे सांगितले. काय करू, म्हणून विचारले.

"मला काय विचारता? शब्द तुम्ही दिलाय," धाकू म्हणाला आणि नारळ सोलत राहिला.

चोचीचा फोटो संस्थेने दर्शनी भिंतीवर लावला. लोक म्हणत, काय वाट बघणे आहे. ती कशाची वाट बघत होती ते टिपणीसला माहीत होते. फोटो काढून टाका, असे त्याने संस्थेला विनवले. फोटो आता आमचा आहे, असे उत्तर आले.

पुढे तो दर फाल्गुनात गावी येऊ लागला. कॅमेरा आणत नसे. राईच्या तोंडाशी बसून राखण करी. कॅमेरेवाले आले की त्यांना परत पाठवी. त्याचे केस पिकले. ढोली रिकामीच राहिली. गावकरी आता त्याला काही विचारत नसत, भाकरी मात्र देत.

मग एका वर्षी ढोलीचे तोंड पुन्हा लिंपलेले दिसले. टिपणीस राईत पाऊल न टाकता बाहेरच बसून राहिला. वैशाख सरता सरता पिल्लू बाहेर आले, फांदीवर धडपडले, आणि उडाले.

धाकू आता काठी टेकत चाले. त्याने टिपणीसला आत नेले आणि देवापुढे नारळ ठेवला. "महाराजा, या लेकराने तुझं एक पिल्लू नेलं होतं. ते आज फिटलं असं मान."

"व्हय म्हाराजा," टिपणीस म्हणाला. बाहेर येऊन त्याने चपला घातल्या आणि तो एसटीकडे चालू लागला.

तात्पर्य: ज्या शब्दाचे हसू येते तो देऊ नये. मोडायला एक सकाळ पुरते; फेडायला आयुष्य जाते, आणि जे मेले ते तरीही परत येत नाही.