शेजारच्या पाटावरची सुपारी

इंदुरात मैनाताईंनी नवी रीत घातली. त्यांच्या घरच्या मेजवानीला नवरा-बायकोने एकाच पंगतीत, शेजारी बसायचे. पहिल्या मेजवानीच्या संध्याकाळी समयांचा उजेड, मोगऱ्याचा वास आणि कुठूनशी येणारी सतार यांमुळे सारी बाग जणू स्वप्नात तरंगत होती.

तेवढ्यात सरदार दाजीसाहेब एकटेच आले. "आमच्या घरच्या बायका पुरुषांत बसत नाहीत!" ते गरजले. शहर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. दोन-तीन जोडपी उठू लागली. आज पंगत मोडली तर पुन्हा कोणी येणार नाही, हे मैनाताईंनी ओळखले.

त्यांनी दाजीसाहेबांना पाटावर बसवले, शेजारच्या पाटावर एक सुपारी मांडली आणि तिच्यापुढेही पान वाढले.

"ही काय थट्टा, बाई?"

"थट्टा कसली? तुमच्या सत्यनारायणाला वहिनी माहेरी होत्या, तेव्हा भटजींनी त्यांच्या जागी सुपारीच मांडली होती. देवालासुद्धा त्या तुमच्या शेजारी लागतात. तुम्ही देवापेक्षा सोवळे का?"

पंगत गालातल्या गालात हसली. उठलेले पुन्हा बसले. दाजीसाहेबांनी गाडीवानाला हाक मारली.

"घरी जा. बाईसाहेबांना घेऊन ये. म्हणावं, पान वाढलंय."