भिवराआजीचं बोलकं गाडगं

पाय पोटाशी घ्या आधी. बनू, चुळबुळ बास. हं, तर एकदा काय झालं, एका गावात होती एक भिवराआजी. लग्न होऊन सासरी आली ती मांडीवर दह्याचं गाडगं धरून. माहेरचं विरजण होतं ना त्यात! त्याच विरजणानं ती रोज दही लावायची. पाच पोरं वाढवली, अकरा नातवंडं वाढवली, केस पांढरेफेक झाले, पण एक दिवस खाडा नाही.

दारात कोणी भांडत येवो की रडत येवो, तिचं एकच, "आधी जेव, मग बोल." इतक्यांदा म्हणाली, इतक्यांदा म्हणाली, की गाडगंसुद्धा शिकलं. झाकण काढलं की आतून आवाज यायचा, "आधी जेव, मग बोल!" हसू नका, खरंच सांगते.

मग काय, आजी खूप खूप म्हातारी झाली आणि एक दिवस देवाघरी गेली. तेराव्याला सगळं गाव जेवायला आलं. सून वाढून वाढून दमली. होतं नव्हतं ते दही वाढून टाकलं आणि गाडगं राखेनं लख्ख घासलं! चमचाभर विरजण बाजूला ठेवायचं, तेच विसरली वेंधळी.

गाडगं मुकं झालं. आजीचा लेक सदोबा पानावर बसायचा, रिकाम्या गाडग्याला कान लावायचा आणि तसाच उठायचा. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. माझ्या एका चुकीपायी हा माणूस उपाशी मरणार, असं सुनेला वाटलं.

मग ती वाटी घेऊन निघाली. आजीनं गावभर विरजण वाटलं होतं, कोणाकडे तरी असेलच. आधी गेली कुंभारणीकडे. ती म्हणाली, "कालच सगळ्याचं ताक केलं गं बाई." मग गेली धनगरणीकडे. तिचं मांजरानं चाटूनपुसून संपवलेलं. मग उरलं एकच घर, गोजराकाकूचं. ही आजीची जाऊ. कुंपणावरच्या शेवग्याच्या शेंगा कोणाच्या, यावरून दोघींचं वीस वर्षं बोलणं बंद!

सून काकूच्या दाराशी जाऊन थबकली. त्यात तिन्हीसांज झालेली, आणि तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, बरं का. तरी तिनं कडी वाजवली.

काकूनं वाटी बघितली आणि तिचे डोळे भरून आले. "अगं, भांडलो त्याच साली माझं विरजण नासलं. मी कुंपणावर रिकामी वाटी ठेवली. तुझी सासू न बोलता ती भरून ठेवून गेली, तीही तिन्हीसांजेलाच. तेच रोज लावते मी. एक दिवस मोडू दिलं नाही."

सकाळी घट्ट दही लागलं. सदोबानं झाकण काढलं. आतून आवाज आला, "आधी जेव, मग बोल." सदोबा पोटभर जेवला आणि मग लहान पोरासारखा रडला. काकूही पंगतीला होती. आमटी शेवग्याच्या शेंगांची होती.

मग सगळे सुखानं राहिले. सदोबा म्हणजे तुमचे आजोबा. आणि ती वेंधळी सून? मीच गं ती. तेव्हापासून चमचाभर बाजूला ठेवल्याशिवाय मी पहिला घास घेत नाही. आजही दही लावलंय. सकाळी झाकण बनूनं काढायचं आणि नीट कान द्यायचा. आता मिटा डोळे.