नव्या क्लचची कुरकूर

तात्या डुंबऱ्यांनी पिकअपला नवा क्लच टाकून घेतला आणि गाडी कुरकुरायला लागली. "इस्माईल मिस्त्रीने फसवलं! आता बघतोच त्याला," म्हणत तात्या तणतणत गाडी घेऊन गॅरेजकडे निघाले.

शेजारी बसलेल्या हौसाबाईंना नवऱ्याचा डावा पाय दिसत होता. तो क्लचवरून हलतच नव्हता.

"अहो, पाय जरा खाली घ्या."

तात्यांनी पाय घेतला. आवाज बंद!

"नवाकोरा क्लच, आणि एवढ्यानं कुरकुरतो?"

"मीही या घरात नवी आले तेव्हा कुरकुरायचेच. सारखं दाबून ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

गॅरेज आलं, तसा तात्यांनी मिस्त्रीला नुसता हात केला आणि गाडी पुढं काढली.

"पण तू तर अजून कुरकुरतेस," ते मिशीत हसले.

"छे! तुमचा पाय कुठं आहे, तेवढं सांगते."