शेंदूर लागलेला ऐन

डोंगर जिथे चालून चालून दमतो आणि पाय पसरून बसतो, तिथे त्याच्या पायाशी एक इवलंसं शेत होतं. इतकं इवलं, की चिमणी या बांधावरून उडाली की पंख नीट उघडायच्या आत त्या बांधावर पोचायची. शेत होतं धुरपीच्या आईचं. धुरपीला बाबा नव्हते. घरात त्या दोघी आणि कोपऱ्यात नाचणीचं मडकं. मडकं तळाला लागलं की भाकऱ्या थांबायच्या आणि पातळ आंबील व्हायची. इतकी पातळ, की वाटीत धुरपीला स्वतःचं नाक दिसायचं.

पण बांधावर ऐन होता.

ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी खरबरीत होती, आणि नवी पानं मात्र वासराच्या कानांसारखी मऊमऊ. उन्हाळ्यात त्याला फिकट पिवळ्या फुलांचे गोंडे लागत. मग यायची फळं. प्रत्येक इटुकल्या फळाला पाच पंख. वारा आला की ती तांबूस फळं गरगरत खाली उतरायची आणि धुरपी ओंजळ धरून त्यांच्यामागे पळायची. तिला मैत्रिणी फारशा नव्हत्या. जे काही सांगायचं ते ती ऐनाला सांगायची.

ऐनाच्या पलीकडे धाकूमामाचं शेत. हा मामा आईचा भाऊ नव्हे, सगळ्या वाडीचाच मामा. दर माघात तो कोयता कमरेला अडकवून ऐनावर चढायचा आणि खालच्या फांद्या उतरवायचा. वरचा शेंडा तेवढा छत्रीसारखा ठेवायचा. पानांनी भरलेल्या त्या फांद्यांना म्हणायचे टहाळ. टहाळ वाळला की तो जमिनीच्या एका तुकड्यावर पसरायचा, वर शेणकूट आणि माती घालायची आणि भाजायचा. हा राब. राब भाजला की तणाचं बी जळून जायचं आणि राखेत नाचणीची रोपं तरारून यायची. धुरपीच्या आईला झाडावर चढता येत नव्हतं, म्हणून मामा अर्धी रोपं तिला द्यायचा.

"फुकट नको," आई म्हणायची.

"फुकट कुठं? लावणीला येतेस ना? माझी कंबर वाकत नाही, तुझे पाय झाडावर चढत नाहीत. दोघं मिळून एक धड माणूस होतं आपलं."

धुरपीला मामा आवडायचा, पण त्याचा कोयता आवडायचा नाही. खट्ट, खट्ट आवाज आला की ती कानात बोटं घालायची. आपल्या एकुलत्या एका सोबत्याचे हात कुणी तोडतंय आणि आपण खाली उभ्या आहोत, असं तिला वाटायचं.

एका माघात मामाने फांदी उतरवली आणि तिच्याबरोबर शिंजीर पक्ष्याचं लोंबतं घरटं खाली आलं. आत दोन पिल्लं, चिंचोक्याएवढी. धुरपीने ते घरटं करवंदीच्या जाळीत अलगद बांधलं आणि दिवसभर कावळे हाकलत उभी राहिली. आईने दिलेली अर्धी भाकरी तिने मुंग्यांपुढे चुरली, म्हणजे त्या घरट्याकडे फिरकणार नाहीत. संध्याकाळी पिल्लांची आई परत आली, चोचीत किडा घेऊन. तेव्हा कुठे धुरपी खाली बसली.

आणि ऐनाच्या खोडावर उजेड उमटला.

आधी हिरवा, मग सोनेरी, मग दोन्ही मिसळून कोवळ्या पानासारखा. त्या उजेडात वीतभर उंचीची एक परी उभी होती. तिला पाच पंख होते, ऐनाच्या फळासारखे तांबूस, आणि प्रत्येक पंखाच्या शिरांतून काजवे चालल्यासारखी चमचम फिरत होती.

"मी या झाडात राहते," परी म्हणाली. "ते घरटं माझ्या शेजारणीचं. तू उपाशी राहून राखलंस."

"मला सवय आहे," धुरपी म्हणाली.

परी तिच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "तुला दोन मागणी मागता येतील. एका हिवाळ्याला एक. एकदा दिलेलं मागणं मला परत घेता येत नाही. आणि मागण्याआधी तू मला काही विचारलंस, तर मी खरंखरं सांगेन. विचारलं नाहीस, तर मला आपण होऊन बोलता येत नाही."

धुरपीने काहीच विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिला ठाऊकच होतं काय हवंय ते.

"माझ्या ऐनाला पुन्हा कधी कोयता लागू नये."

परीने ओठ उघडले आणि मिटले. तिच्या पंखांतली चमचम क्षणभर थांबली. मग तिने खोडाला बोट लावलं आणि तिथे शेंदराचा एक ठिपका उमटला, उगवत्या सूर्यासारखा केशरी.

सकाळी मामा उरलेल्या फांद्या उतरवायला आला. त्याने ठिपका पाहिला, पायांतल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. त्या वाडीत शेंदूर लागलेलं झाड देवाचं. देवाच्या झाडाचं पानही कुणी तोडत नाही. कुणी लावला, कधी लावला, असं विचारायचीही रीत नाही.

"चुकलो देवा," मामा म्हणाला. "काल दोन फांद्या घेतल्या तुझ्या. म्हाताऱ्याला दिसलं नाही."

धुरपी दाराआड उभी राहून हसली. तिला वाटलं, आज आपण एक चांगलं काम केलं.

ऐन वाढला. किती वाढला! हिरवी झुंबरं लोंबावीत तशा त्याच्या फांद्या दोन्ही शेतांवर पसरल्या. पक्षी आले, खारी आल्या. धुरपी रोज त्याच्याखाली नाचायची.

पण टहाळ नव्हता, म्हणून राब भाजला गेला नाही. रोपांपेक्षा तणच जास्त उगवलं. त्यातून वाचलेली रोपं मोजकीच होती, तरी मामाने सवयीने अर्धी आईला दिली. सकाळी ऐनाची सावली मामाच्या शेतावर पडायची आणि दुपारी धुरपीच्या. सावलीतली नाचणी उजेड शोधत उंच उंच गेली, पिवळी पडली आणि आडवी झाली. एरवी कणसं मिटलेल्या मुठींसारखी भरायची. या वर्षी त्या मुठी रिकाम्या होत्या. धुरपीने एक कणीस चोळलं. हातात नुसता भुसा आला.

तिने वर बघितलं. ऐन डौलात डोलत होता. त्याला काय ठाऊक?

दिवाळी झाली आणि मामाने घराला कडी घातली. "वीटभट्टीवर चाललोय," तो आईला म्हणाला. "इथं काय खायचं? देवाची सावली पोटात जात नाही."

"या वयात विटा उचलणार?"

"उचलणार नाही, नुसत्या उलट्या-पालट्या करणार. भाकरीसारख्या." मामा हसला, पण हसताना त्याने धुरपीकडे बघितलं नाही, ऐनाकडे बघितलं. मग गाठोडं डोक्यावर घेऊन उतार उतरून गेला. त्याची कंबर वाकत नव्हती, म्हणून तो ताठ चालायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी ऐटीत चाललंय.

धुरपी त्या दिवशी आंबील प्यायली नाही.

झाडाला धक्का लागू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. ती नुसतं एकदा विचारायला विसरली होती, परीला किंवा मामाला. आणि तेवढ्यासाठी एक म्हातारा माणूस परमुलखात विटा उलटत होता. तिने राबासाठी जंगलातून डोक्यावरून पाचोळा आणून बघितला. भारे आणून आणून मान दुखायला लागली, तरी ढीग गुडघ्याएवढाच झाला. आणि पाचोळ्याने सावली थोडीच हटणार?

माघ आला. संध्याकाळी खोडावर पुन्हा कोवळा उजेड उमटला.

"तो ठिपका पुसून टाक," धुरपी म्हणाली.

"ते मला येत नाही."

"ठाऊक आहे. तरी म्हणून बघितलं." धुरपीने नाक पुसलं आणि ती परीसमोर मांडी घालून बसली. "मागणं नंतर. आधी मी विचारणार. मामा फांद्या तोडायचा तेव्हा झाडाला दुखायचं?"

"थोडं. तुझी नखं काढतात त्यापेक्षा जास्त, आणि तुला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ कमी. तो शेंडा ठेवायचा. शेंडा आहे तोवर झाड पुन्हा फुटतं."

"मग सगळ्याच फांद्या गेल्या तर शेताला आणखी ऊन मिळेल?"

"मिळेल, आणि शेत होरपळेल. थोडी सावली हवी, म्हणजे मातीत ओल टिकते. आणि झाड उपाशी मरेल. पानं ही झाडाची चूल आहे, धुरपी. सगळ्या चुली विझवून कुणी जगतं का?"

धुरपीने वर बघितलं. मामा कुठे पाय ठेवायचा आणि कुठे थांबायचा, ते तिला आठवायला लागलं. कानात बोटं असली तरी डोळे उघडे होते तिचे.

"कोयता लावता येणार नाही," ती हळूहळू म्हणाली, "पण झाडाने आपण होऊन फांद्या सोडल्या तर? दर माघात, खालच्या तेवढ्या?"

"तर चालेल."

"आणि त्याचं काय होईल? खरं सांग."

परी तिच्या तळहातावर येऊन बसली. ती पिसाएवढीही जड नव्हती. "अशा भरल्या फांद्या सोडणं झाडाच्या अंगात नसतं. त्याला बळ लागेल. ते बळ माझ्यातून जाईल. नाचणी भरेपर्यंत मी पुरेन. त्यानंतर मी नसेन, पण झाडाला ती सवय कायमची लागेल."

"मग नको," धुरपी पटकन म्हणाली.

परी काही बोलली नाही. तिला बोलता येत नव्हतं.

खाली वाडीत दिवे लागत होते. एकच घर अंधारात होतं, कडी घातलेलं. धुरपीने त्या घराकडे पाहिलं, तळहातावरच्या उजेडाकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. "मी मागच्या माघात विचारलं असतं तर हे काहीच झालं नसतं ना?"

"नसतं झालं," परी म्हणाली. खरं सांगायचं हा तिचा नियम होता, आणि त्या दिवशी तो तिला फार जड गेला.

धुरपीने दोन्ही डोळे पुसले आणि मागणं मागितलं.

वारा नव्हता, तरी ऐन थरथरला. एकेक खालची फांदी दिव्यासारखी उजळली, खोडापासून अलगद सुटली आणि आवाज न करता बांधावर निजली. शेंडा तेवढा वर राहिला, चांदण्यांना टेकलेला. परीच्या पंखांचा तांबूस रंग फिकट झाला होता.

सकाळी आईने बांधावर टहाळ पाहिला आणि तिने आधी हात जोडले. "देवाने आपल्या हाताने दिलंय," ती म्हणाली, "तर घ्यायला हरकत नाही." दोघींनी टहाळ वाळवला आणि दोन राब भाजले. एक आपल्या शेतात, एक मामाच्या. मामाचा आधी.

उन्हाळ्याच्या शेवटी मामा परत आला. तो निम्मा झाला होता आणि खोकत होता. शेतात काळाभोर भाजलेला राब बघून तो थबकला.

"हे कुणी केलं?"

धुरपी पुढे झाली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. परीचं, ठिपक्याचं, न विचारलेल्या प्रश्नाचं. मामा ऐकत राहिला.

"म्हणजे वर्षभर मी तुझ्या पाया पडत होतो," तो शेवटी म्हणाला.

धुरपीला हसू येईना.

"मला विचारायचं होतंस गं पोरी. वर बसवून दाखवलं असतं तुला, कुठली फांदी घ्यायची नि कुठली राखायची." मामाने राखेची चिमूट उचलली, बोटांत चोळली. "आता या ऐनावर मी काही चढायचा नाही. माझी नि त्याची गाठ तेवढीच होती." तो रागावला नव्हता. तो रागावला असता तर धुरपीला बरं वाटलं असतं.

त्या पावसाळ्यात रोपं पोपटी आली. ऐनाच्या शेंड्यातून ऊन गाळून गाळून खाली पडायचं, सोन्याच्या टिकल्यांसारखं, आणि मातीत ओलही राहायची. कार्तिकात दोन्ही शेतांत नाचणीच्या मुठी गच्च मिटल्या, तांबूस, टपोऱ्या. धुरपीच्या घरचं मडकं भरलं, दुसरं मागून आणावं लागलं, तेही भरलं. मामाच्या घरी कडीला गंज चढेल असं आता वाटत नव्हतं. आईने जाड जाड भाकऱ्या थापल्या आणि धुरपीला पोटभर वाढल्या.

कापणी संपली त्या संध्याकाळी मामा आणि धुरपी बांधावर बसले होते. परी खोडावरून उतरली. आता ती बोटाएवढीच उरली होती आणि तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. मामाला ती दिसत नव्हती.

परीने धुरपीच्या गालाला हात लावला. तो शेकोटीजवळून उठून आलेल्या माणसाच्या हातासारखा ऊबदार होता. मग तिचे पाचही पंख उघडले, कडांपासून उजळत गेले, हिरवे, सोनेरी, शुभ्र, आणि तो उजेड पाण्यासारखा सांडून कापलेल्या शेतावरून वाहत गेला. प्रत्येक खुंटावर तो जरा थांबला. बांधाच्या टोकाला पोचला आणि तिथे विरला.

"आज उजेड जरा जास्तच रेंगाळला," मामा म्हणाला. त्याने घोंगडी खांद्यावर घेतली. "ऊठ गं. गारठा पडायला लागला."

"तू हो पुढे, मामा," धुरपी म्हणाली, आणि काळोख पुरता उतरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.